कावळ्याला इंग्रजी येत नव्हतं

ठाणे, नौपाडा
ता. ७ जानेवारी १८८९

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. तुला फापटपसारा आवडत नाही म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. आपल्या सुमतीसाठी स्थळ सापडलं. आमच्या नौपाड्यातले रावसाहेब फणसे, पेन्शनर मामलेदार, यांचे चिरंजीव गुरुदत्त.

मुलाची बुद्धी काय सांगू. दर शनिवारी संध्याकाळी रावसाहेबांच्या ओटीवर इंग्रजी शिकलेली मंडळी जमतात. विलायतेच्या एका साप्ताहिकात एक खेळ छापून येतो, तो आम्ही इथे खेळतो. लांबलचक इंग्रजी शब्द पाटीवर लिहायचा. त्यात जी अक्षरं असतील तेवढीच घेऊन, उलटसुलट मांडून, त्यातून दुसरे इंग्रजी शब्द काढायचे. जो जास्त काढील तो श्रेष्ठ. मागल्या शनिवारी 'कॉन्स्टँटिनोपल' हा शब्द होता. हे तुर्कांचं शहर आहे. मी त्यातून 'टिन', 'पेन' आणि 'कॅट' काढून थांबलो. गुरुदत्तांनी 'स्टोन' काढला, 'नेशन' काढलं, चक्क 'स्टेशन' काढलं, आणि दिवे लागले तरी त्यांचं चालूच. शंभराच्या वर गेले. हे मी ऐकीव सांगत नाही, कारण पाटी धरण्याचा मान हल्ली माझ्याकडे आहे.

विशेष हे, की ते कोश उघडत नाहीत. कोश हा अडाण्यांचा आधार, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र अजून आधार लागतो. साहेबाच्या लिलावात मास्तरांना मिळालेला तो जाडा इंग्रजी कोश तुमच्याकडे नुसता पडून आहे, तो कोणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. मास्तरांना नमस्कार.

तुझा,
भाऊ


कल्याण
पौष शुद्ध नवमी, शके १८१०

चिरंजीव भाऊ,
अनेक आशीर्वाद. कॉन्स्टँटिनोपलात स्टेशन सापडलं हे वाचून बरं वाटलं. आम्हाला कल्याणात ते सापडायला चालत जावं लागतं.

एका नारळातून मी खोबरं काढते, दूध काढते, चोथ्याची चटणी करते, करवंटीचा डाव करते आणि शेंडीने भांडी घासते. लग्न होऊन या घरात आल्यापासून करते आहे, पण पाटी घेऊन मोजायला कोणी आलं नाही. असो. तू स्थळ शोधलंस, ते मायेपोटीच शोधलं असशील. सुमतीला घरात वाढवून ठेवली म्हणून आळीतल्या बायका मला पाणवठ्यावर ऐकवतात, ते तुला ठाऊक आहे. तेव्हा मी नाही म्हणत नाही. मला फक्त थोडं सांग. शनिवार संध्याकाळ सोडून बाकीच्या आठवड्यात हा मुलगा काय करतो? आईशी कसा बोलतो? रागीट आहे का? घरात कोणी आजारी पडलं तर उशाशी बसतो का? आणि ते जे शंभर शब्द काढले, त्यांचे अर्थ त्याला येतात का?

सुमतीला मी विचारलं. ती शेजारच्या गोदाचं पत्र लिहून देत बसली होती. गोदाचा नवरा त्रिंबक इगतपुरीला रेल्वेच्या मोजणीवर आहे, आणि गोदाला लिहिता येत नाही, म्हणून तिची पत्रं हीच लिहिते. सुमती म्हणाली, "आई, त्यांना आधी बोलायला लाव, मग मला दाखव." मुलगी बापाच्या शाळेत बसून शहाणी झाली आहे.

पौष सरू दे. माघ शुद्ध पंचमीला मंडळींना घेऊन ये.

कोश मिळणार नाही. तो लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर ठेवला आहे. एवढा वजनदार ग्रंथ घरात दुसरा नाही.

तुझी,
अक्का


ठाणे, नौपाडा
ता. १५ जानेवारी १८८९

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. पत्र पावलं. लोणच्यावर कोश ठेवणं हे ऐकून रावसाहेबांना काय वाटेल म्हणून मी त्यांना ते सांगितलं नाही.

तू पुष्कळ प्रश्न विचारलेस. सगळ्यांचं उत्तर एकच, की मुलगा असामान्य आहे. गेल्या शनिवारी 'ट्रान्सपोर्टेशन' होता. त्याने प्रतिस्पर्ध्यांना जवळ येऊ दिलं नाही. अर्थाचं म्हणशील तर मीही तोच प्रश्न एकदा विचारला होता. रावसाहेब म्हणाले, अर्थ विचारणं हे मराठी शाळेतलं खूळ आहे. मी पुन्हा विचारला नाही.

पंचमीला रावसाहेब आणि गुरुदत्त येतील. मला कचेरीतून रजा मिळत नाही, पण माझ्यावाचून अडणार नाही. पोहे नेहमीसारखे तिखट करू नकोस. मुलीने कमी बोलावं. आणि घरात कुठेही कोश दिसू नये, म्हणजे ते दुखावणार नाहीत.

परवा रावसाहेबांनी सहज म्हणून माझ्या हातात नारळ आणि साखरेची पुडी दिली. थोर माणूस, नको कसं म्हणायचं, म्हणून मी घेतली. त्यात काही नाही. सहज लिहिलं.

तुझा,
भाऊ


कल्याण
माघ शुद्ध सप्तमी

चिरंजीव भाऊ,
आशीर्वाद. आज थट्टा करायचं मन नाही. शेजारच्या हौसाबाईंचा त्रिंबक गेला.

पंचमीला तुझी मंडळी आली. पोहे झाले, वड्या झाल्या. सुमती येऊन पाटावर बसली. रावसाहेबांनी तिला एक शब्द विचारला नाही, आपल्या मुलाने कोणत्या शब्दातून किती काढले तेच सांगत राहिले. तेवढ्यात तारवाला आला. तार आमच्या स्वारीच्या नावाची होती, पण आमच्या आळीत तार आली की नाव कोण बघतो. तार म्हणजे मरण, एवढंच आम्हाला माहीत. बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली. हौसाबाई तशाच धावत आल्या, कारण त्रिंबक माघी गणपतीला यायचा होता आणि आला नव्हता. त्यांच्यामागे गोदा.

स्वारीला इंग्रजी येत नाही. पण घरात साक्षात गुरुदत्त बसले होते, तेव्हा तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते. मग खिशातून पेन्सिल काढून कडेला काहीबाही लिहिलं. मी दाराआडून म्हटलं, आमच्याकडे कोश आहे, आणू का. रावसाहेब हसले. गुरुदत्त म्हणाले, "मला कोश लागत नाही." एव्हाना सगळी आळी ओटीखाली उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी तारेची घडी केली आणि म्हणाले, "फार वाईट झालं. गेले."

हौसाबाईंनी विचारलं, "कोण रे बाबा, माझा त्रिंबक?" त्यांनी मान हलवली.

गोदाच्या बांगड्या आमच्याच पायरीवर फोडल्या. घट्ट भरलेल्या होत्या, काच मनगटात शिरली. सुमतीने तिचा हात आपल्या पदरात गुंडाळून धरला, दाखवायला म्हणून नेसवलेलं नवं लुगडं होतं ते. 

हौसाबाईंचे दीर इगतपुरीला जाऊन आले. मोजणीचे तंबू घाटात पुढे गेलेले, कचेरीला कुलूप, कोणी धड सांगेना. त्यावरून सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. देह हाती येत नाही म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करवला आणि आज खाडीकाठी त्याचं दहन झालं.

सोयरिकीचं बोलणं आता नको. सुमती नीट जेवत नाही.

तुझी,
अक्का


ठाणे, नौपाडा
ता. ११ फेब्रुवारी १८८९

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. त्रिंबकचं वाचून फार वाईट वाटलं. ईश्वरेच्छा.

रावसाहेबांनी तो प्रसंग मंडळींना शनिवारी सविस्तर सांगितला. सगळे धाय मोकलून रडत असताना गुरुदत्त एकटे कसे शांत होते, हे ऐकून आम्हा सर्वांचा ऊर भरून आला. रावसाहेब म्हणाले, ऐन वेळी इंग्रजी जाणणारा माणूस हजर होता हे त्या आळीचं नशीब, नाहीतर तुम्हा लोकांना पत्ताही लागला नसता. हे मात्र खरं आहे, अक्का.

दुःखात सुखाचं सांगतो. मुलगी त्यांना पसंत आहे. आता लपवण्यात अर्थ नाही. तो नारळ आणि साखर मी घेतली ती सहज नव्हती, आणि तुमच्यातर्फे मीही त्यांना नारळ-साखर दिली. मी चार माणसांदेखत शब्द दिला आहे. फाल्गुन शुद्ध पंचमीचा मुहूर्त धरला आहे. मांडव तुमच्या दारात. शेजारचं सुतक तुम्हाला लागत नाही हे मी इथल्या भटजींना विचारून घेतलं.

मला रावसाहेबांनी मंडळाचा चिटणीस नेमलं. मास्तरांना सांग.

तुझा,
भाऊ


कल्याण
माघ वद्य प्रतिपदा

भाऊ,
त्रिंबक आला.

परवा त्याचा दहावा होता. खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, चिंचेवर ओळीने बसले होते, पण एक खाली उतरेना. भटजी म्हणाले, मृताची काही इच्छा राहिली आहे. हौसाबाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. दीर म्हणाले, "वाटणीचं भांडण मी सोडलं." कावळा नाही. आळीतल्या प्रत्येकाने काही ना काही कबूल करून पाहिलं. मी दूर उभी होते, माझ्या मनात आलं, ह्याला काय हवंय कोण जाणे. तेवढ्यात स्टेशनाकडच्या वाटेने त्रिंबक आला. खांद्यावर वळकटी, हातात इगतपुरीच्या खव्याचा डबा. चार ओळखीची माणसं बोडकी उभी दिसली म्हणून वाट वाकडी करून विचारायला आला, "कोण गेलं?"

हौसाबाई मटकन खाली बसल्या. दीर पळत सुटले. भटजी मंत्र म्हणत राहिले, कारण मध्येच थांबायचं शास्त्र त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या आळीत एका कावळ्यालाच खरं कळलं होतं, भाऊ. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

तार त्रिंबकनेच पाठवलेली. साहेबाने कामासाठी घाटात अडकवून ठेवलं, आईला कळवा, एवढं त्याने लिहिलं होतं आणि खाली स्वतःचं नाव घातलं होतं. म्हणजे आपण मेल्याची तार त्याने आपल्याच सहीने केली, असं तुझ्या गुरुदत्ताला वाटलं. मी ती तार जपून ठेवली होती, ती त्रिंबकला दाखवली. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं त्याने मला वाचून दाखवलं. तारेतला पहिला शब्द 'डिटेन्ड', अडकवून ठेवलेला. तुझ्या विद्वानाला तो ठाऊक नव्हता. म्हणून त्याने घरचा धंदा केला. त्याच अक्षरांतून 'नेट' काढलं, 'डेट' काढली, 'टाइड' काढली, आणि मग 'डेड' काढून त्याखाली रेघ ओढली. डेड म्हणजे मेलेला, हे मात्र त्याला येत होतं.

तू आम्हाला मामलेदाराचा मुलगा दाखवलास म्हणून आळीतलं एक माणूस उलट विचारू शकलं नाही. आणि मी कोश आणू का म्हटलं तर गुरुदत्ताच्या बापाला हसू आलं.

आता पुढचं ऐक. भटजी म्हणतात, ज्याचं दहन झालं त्याला तसंच घरात घेता येत नाही. त्याने पुन्हा जन्माला यावं, त्याचं बारसं व्हावं, मुंज व्हावी, आणि मग आपल्याच बायकोशी त्याने पुन्हा लग्न लावावं. तोवर त्रिंबक गोठ्यात झोपतो. गोदाने त्याच्यासमोर जावं की नाही ते भटजींना सांगता येत नाही. ती विधवा नाही, सवाष्णही नाही. मनगटाला हळद बांधून माजघरात बसलेली असते.

मला भीती वाटली ती तुला सांगते. गोदाचा तो हात सुमतीच्या पदरात होता, आणि कोणता हात कोणाचा हे मला क्षणभर कळेना. बाईच्या बांगड्या फुटताना समोर दिसत असूनही ज्याच्या तोंडून "मला वाचता येत नाही" एवढं निघालं नाही, त्याच्या घरात मी मुलगी कशी देऊ? नारळ परत कर.

अक्का


ठाणे, नौपाडा
ता. २२ फेब्रुवारी १८८९

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. त्रिंबक जिवंत आहे हे वाचून आनंद झाला. तुझं पत्र मी रावसाहेबांना दाखवलं नाही, त्यातला मजकूर तेवढा सौम्य करून सांगितला.

गुरुदत्तांचं म्हणणं असं, की 'डेड' हा शब्द त्या शब्दात आहेच. ज्याला शंका असेल त्याने अक्षरं लावून पाहावी. आम्ही शनिवारी लावून पाहिली. खरोखर आहे. एवढंच नव्हे तर 'डाइड' हाही आहे, तो त्यांनी तुमच्या ओटीवर घाईत सोडला होता. तेव्हा ते चुकले असं एकदम म्हणता येणार नाही. रावसाहेबांचं मत पडलं, की माणूस मर्त्य आहे, बातमी थोडी लवकर पोचली इतकंच.

पत्रात शब्द मोडणं सोपं असतं. मला रोज त्याच रस्त्याने कचेरीत जायचं आहे, आणि रावसाहेबांची ओटी रस्त्यावर आहे. शब्द दिलेला भाऊ तोंडघशी पडला तर तुला बरं वाटेल का? मुलीचं पुढे कसं होणार याचाही विचार कर. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी कोण करून घेतो? पंचमीला वऱ्हाड घेऊन येतो.

तुझा,
भाऊ


कल्याण
फाल्गुन शुद्ध सप्तमी

चिरंजीव भाऊ,
आशीर्वाद. पंचमीला तू वऱ्हाड आणलं नाहीस, याचं कारण तुला रावसाहेबांनी सांगितलं असेलच. माझ्या बाजूचं मी सांगते.

तू तोंडघशी पडू नयेस म्हणून मी सोयरीक मोडली नाही. स्वारीकडून रावसाहेबांना बाळबोध अक्षरात पत्र लिहवलं, त्यात एकही शब्द अवघड नव्हता. लिहिलं, की पंचमीला आमच्या दारात मांडव पडेल. त्याच मांडवात सकाळी त्रिंबकचं बारसं आहे. त्याला वडील नाहीत, तेव्हा बाळाच्या बापाच्या पाटावर चिरंजीव गुरुदत्तांनी बसावं. ज्याच्या हातून गेला त्याच्याच हातून तो परत यावा, असं आळीचं म्हणणं पडलं आहे. पाटावर बसून त्यांनी चार माणसांत एवढंच म्हणावं, "मला तार वाचता आली नाही." म्हटलं, की संध्याकाळी सुमती त्यांची.

भटजींना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, हे शास्त्रात नाही. मी म्हटलं, नसू दे, कल्याणात आहे.

खरं सांगू का, चतुर्थीच्या रात्री मला झोप लागली नाही. तो येऊन म्हणाला तर? माझा शब्द गेलेला होता, मी फिरवला नसता. आणि म्हणाला असता तर कदाचित माणूस इतका वाईट नसताही. सुमती म्हणाली, "आई, झोप. तो म्हणणार नाही." सकाळी रावसाहेबांचा गडी आला. बरोबर साखरेची पुडी आणि इंग्रजीतलं पत्र. ते त्रिंबकनेच वाचलं, गोठ्यातून. आमच्या घराण्यात असं काही म्हणण्याची रीत नाही, सबब तुमच्याकडून आलेली साखर परत पाठवली आहे, असा मजकूर होता. नारळ त्यांनी ठेवून घेतला. त्यातून काय काय काढतात ते कळव.

बारसं झालं. मिशा असलेलं बाळ झोपाळ्यावर निजवून बायकांनी पाळणे म्हटले. त्याची आत्या हयात नाही, तेव्हा कानात नाव सांगायला मला बसवलं. मी म्हटलं, "त्रिंबक, पुढल्या वेळी तार मराठीत करता येत नसेल तर चालत येऊन सांग." बाळ हसलं. मग मुंज झाली, आणि संध्याकाळी सुमतीसाठी धरलेल्या मुहूर्तावर, सुमतीसाठी घातलेल्या मांडवात, गोदाचं तिच्या नवऱ्याशी लग्न लागलं. अंतरपाट सुमतीने धरला होता.

दुपारी कासार बांगड्या भरायला बसला होता. गोदाने मनगट पुढे केलं, त्यावर अजून खूण आहे. तो घट्ट भरू लागला तशी ती म्हणाली, "सैल भर रे दादा. पुन्हा कोणी तार वाचलीन तर फोडताना हात तरी कापायचा नाही."

सगळ्या बायका हसल्या. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडून घेतलं. गोदा थट्टा करत नव्हती, भाऊ.

तुझी,
अक्का


ठाणे, नौपाडा
ता. १८ मार्च १८८९

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. जे झालं ते झालं. रावसाहेब मला ओळख देतात, पण वरून देतात. पाटी धरायला दुसरा माणूस नेमला आहे. मी सध्या मागे बसतो.

होळीच्या शनिवारी 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द होता. गुरुदत्त पुन्हा पहिले. त्यांना मुंबईच्या एका सॉलिसिटराची मुलगी सांगून आली आहे असं ऐकतो. तू हातचं घालवलंस.

सुमतीसाठी आता मी काही बघत नाही. मला या कामातलं कळत नाही असं तुझं मत आहेच. कोश तेवढा पाठवशील तर उपकार होतील, म्हणजे मला पुन्हा पुढे बसता येईल.

तुझा,
भाऊ


कल्याण
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८११

चिरंजीव भाऊ,
अनेक आशीर्वाद. सुमतीचं ठरलं.

डोंबिवलीच्या प्रधानांचा मोरेश्वर. मुंबईत कापडाच्या पेढीवर इंग्रजी पत्रं लिहितो. फार शिकलेला नाही, शेती थोडी, आईला दम्याचा त्रास आहे. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं, आईला रात्री धाप लागली की शेगडी पेटवून तो बसतो तेही सांगितलं. ऐकताना मला माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नांची आठवण झाली, तू त्यांना उत्तरं दिलीच नव्हतीस.

पोहे मी तिखटच केले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला, "पाणी मिळेल का?" मला बरं वाटलं. मग मी ती तार त्याच्यासमोर ठेवली. आळी ओटीखाली जमली होतीच. हौसाबाई होत्या, त्रिंबक होता, गोदा होती. काय लिहिलंय ते सांगा, एवढंच मी म्हटलं. कडेचं पेन्सिलीचं मी आधीच पावाच्या तुकड्याने पुसून टाकलं होतं.

त्याने वाचली. पुन्हा वाचली. सुमती पाटावर खाली मान घालून बसली होती, पण तिच्या हाताची मूठ मला दिसत होती. तो म्हणाला, "आईला कळवा असं आहे. खाली त्रिंबक म्हणून नाव आहे, म्हणजे ते धडधाकट असणार. पण हा पहिला शब्द मला ठाऊक नाही. घरात कोश आहे का?"

ओटीखाली कोणीतरी "अगबाई" म्हणालं. ती गोदा होती.

मी आत जाऊन बरणीवरून कोश आणला. त्याला तेल लागलं होतं, हिंगाचा वास येत होता. त्याने धोतराच्या सोग्याने पुसला आणि मांडीवर घेऊन शोधायला बसला. बराच वेळ लागला त्याला, पानं एकमेकांना चिकटली होती. रावसाहेब तिथे असते तर हसले असते. सापडल्यावर त्याने बोट ठेवलं आणि मान वर करून त्रिंबककडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, सुमतीला म्हणाला, "अडकवून ठेवलेला. माणूस खुशाल आहे."

सुमतीची मूठ सुटली. मी त्याला पोह्यांची दुसरी बशी दिली, ह्या वेळी साखर घालून.

लग्न वैशाख वद्य द्वितीयेला. तू मामा आहेस, मुलीला बोहोल्याशी आणायला तुझ्याशिवाय कोणी नाही, तेव्हा रुसवा सोडून दोन दिवस आधी ये. शनिवार पडत असला तरी ये.

कोश मात्र मिळणार नाही. तो मी जावयाला देते आहे. लोणच्यावर पाटा ठेवला आहे.

तुझी,
अक्का